मामांच्या घोरण्यावर इलाज

मामा कुणाचेच मामा नव्हते. त्यांना बहीणच नव्हती. पण आमच्या फायर स्टेशनात ते सगळ्यांत जुने, आणि जुन्या माणसाला काहीतरी नातं चिकटवल्याशिवाय आपल्या लोकांना चैन पडत नाही. म्हणून ते मामा, आणि त्यांची बायको आपोआप मामी. आगीवर पाईपाच्या तोंडाचं नोझल धरून सगळ्यांत पुढे उभे राहायचे ते मामा. त्यांच्या मागे पाईपाचा भार खांद्यावर घेऊन असायचा तो मास्तर. मास्तरनं कधी शाळेत शिकवलेलं नाही, पण त्याला प्रत्येक गोष्ट समजावून सांगायची खोड, म्हणून मास्तर. शिडी लावायचा तो शिडीवाला. मी गाडी चालवतो. गाडी चालवणारा आगीत शिरत नाही, बाहेर पंपापाशी थांबतो. बाहेर थांबणाऱ्याला जरा जास्तच दिसतं, असं माझं मत आहे. ते अजून कुणी विचारलेलं नाही.

आमची ड्यूटी चोवीस तासांची. खाली गाड्या, वर एक लांबलचक हॉल, हॉलमध्ये ओळीनं लोखंडी खाटा. वर्दी आली, म्हणजे कुठं आग लागल्याचा फोन आला, की घंटा होते आणि सगळे धाडधाड खाली. वर्दी नसेल तेव्हा पाईप धुवायचे, गाडी पुसायची, जेवायचं आणि मिळेल तेव्हा झोपायचं. लोकांना वाटतं यांना काय, सरकारी झोप. पण झोप हे आमचं कामच आहे. न झोपलेला माणूस आगीवर नेला तर तो एक तर स्वतः पडतो, नाही तर दुसऱ्याला पाडतो.

आणि मामा झोपले की बाकी हॉलच्या झोपेचं खोबरं ठरलेलं. त्यांच्या घोरण्याला एक रीत होती. आधी बारीक शिट्टी, मग भरलेलं कपाट फरशीवरून ओढत न्यावं तसा आवाज, तो चढत चढत जायचा आणि एकदम बंद व्हायचा. पार चिडीचूप. त्या शांततेत आम्ही घाईघाईनं झोपून घ्यायचो. मग एक मोठा गचका बसायचा, आणि कपाट पुन्हा पहिल्या भिंतीपासून निघायचं.

हे सगळं आम्ही सोसलं असतं. माणूस लाखात एक होता. पण एका वर्दीला शिडीवाला डोळे चोळत उठला आणि दोन्ही पायांत डावे बूट चढवून गाडीत बसला. त्यातला एक मामांचा. मामा बिचारे एका पायात बूट आणि एका पायात चप्पल घालून आगीवर उतरले. आग छोटी होती, कचऱ्याची, पण आमच्या स्टेशन ऑफिसर मॅडम मागच्या जीपमधून आल्या होत्या आणि त्यांनी चारही पाय पाहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मामांना बोलावलं. दार उघडंच होतं, त्यामुळे आम्हाला कान लावायची तसदी पडली नाही.

“मामा, हॉलमध्ये माणसं झोपत नाहीत,” मॅडम म्हणाल्या. “असली माणसं मी शिडीवर चढवणार नाही. महिनाअखेरपर्यंत काहीतरी इलाज करा. नाहीतर मला तुम्हाला कंट्रोल रूमला द्यावं लागेल.”

मॅडम वाईट नव्हत्या. खरं तेच बोलत होत्या, आणि खरं बोलणाऱ्याचा राग येतो एवढंच. कंट्रोल रूम म्हणजे टेबल, खुर्ची, कानाला लावायचं यंत्र आणि भिंतीवर नकाशा. फोन घ्यायचे आणि दुसऱ्यांना आगीवर पाठवायचं. बाकी कुणाला तिथं बदली मिळाली असती तर त्यानं पेढे वाटले असते. मामांच्या निवृत्तीला तीन वर्षं होती आणि ती तिन्ही त्यांना गाडीवर काढायची होती. त्या माणसाला दुसरं काही येतच नव्हतं, आणि आवडतही नव्हतं. बाहेर येऊन ते आमच्याजवळ उभे राहिले आणि म्हणाले, “मला गाडीवरून उतरवू नका रे.” एवढंच बोलले आणि पाईप गुंडाळायला लागले.

आम्हाला वाईट वाटलं. ज्यांनी सगळ्यांत जास्त बोंब मारली होती तेच आता इलाज शोधायला पुढे झाले. घोरण्याची एक गंमत आहे. जगात ज्याला म्हणून नाक आहे त्याच्याकडे त्यावर एक रामबाण उपाय असतो, आणि तो त्याच्या मेहुण्याला लागू पडलेला असतो.

शिडीवाल्यानं सांगितलं, उताणं झोपल्यानं माणूस घोरतो. म्हणून त्यानं मामांच्या बनियनला पाठीमागून खिसा शिवला आणि त्यात टेनिसचा चेंडू घातला. मामा कुशीवर झोपले आणि कुशीवर घोरले. शिवाय वर्दी आल्यावर ते त्याच बनियनवर कोट चढवून गेले, पाठीवर हवेची टाकी बांधली, आणि आग विझेपर्यंत तो चेंडू मणक्यात रुतून बसला. मग कुणी नाकावर चिकटवायच्या पट्ट्या आणल्या. मामांना घाम फार, पट्ट्या सकाळी उशीवर सापडायच्या. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावल्या, तर मामा झोपेत घसरत घसरत पायथ्याशी जाऊन गोळा व्हायचे. गरम पाण्याची वाफ झाली, कोमट तेलाचे थेंब झाले, संध्याकाळचं जेवण अर्धं झालं. अर्ध्या जेवणानं घोरणं कमी झालं नाही, चिडचिड मात्र वाढली.

मास्तरनं कुठंतरी वाचलं की घशाचे स्नायू सैल पडतात, त्यांना व्यायाम हवा. मग मामा रोज दुपारी गाडीच्या पायरीवर बसून फुगे फुगवायचे. फुगवलेले फुगे टाकायचे कुठं, म्हणून आम्ही ते गाडीच्या शिडीला बांधायचो. एक बाई रस्त्यातून आत आली आणि विचारून गेली की आज कुणाचा वाढदिवस आहे. फुग्यांनंतर जिभेचा व्यायाम. जीभ जमेल तितकी बाहेर काढायची, आकडे मोजायचे आणि आत घ्यायची. मामा एकदा अशी जीभ काढून बसलेले असताना मॅडम समोरून गेल्या. मामांनी घाईत सॅल्यूट ठोकला, पण जीभ आत घ्यायची राहिली. मॅडम भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून पुढे गेल्या, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

त्या महिन्यात एक मोठी वर्दी झाली. कागदाचं गोदाम. ज्वाळा लवकर आटोक्यात आल्या, पण कागद आतून धुमसत राहतो, त्यामुळे सकाळपासून दुपार उलटेपर्यंत नुसतं पाणी मारत बसायचं काम होतं. धूर फारसा नव्हता, म्हणून मास्क नव्हते. शिडीवाला भिंतीला शिडी लावून वरचे पत्रे काढत होता. मामा नोझल धरून उभे, मागे मास्तर. मी पंपापाशी होतो. मला एवढंच दिसलं की पाण्याची धार एकदम भरकटली, भिंतीवरून सरसर सरकत शिडीच्या पायाजवळून गेली आणि पुन्हा जागेवर आली. ती धार शिडीला बसली असती तर शिडीवाला खाली आला असता, आणि खाली काय होतं ते सांगत नाही.

“पाय घसरला,” मामा म्हणाले.

स्टेशनात परतल्यावर पाईप धुताना मास्तर माझ्याजवळ आला. “पाय घसरला नव्हता,” तो हळूच म्हणाला. “उभ्या उभ्या झोपले. मान खाली गेली आणि हात सैल पडले. मी वेळेवर नोझल धरलं. कुणाला सांगू नकोस.”

“मी कुणाला सांगणार?” मी म्हटलं. “मी गाडीशी बोलतो.”

त्या दिवसापासून मास्तरला चैन नव्हतं. तोपर्यंत घोरणं हा सगळ्यांच्या थट्टेचा विषय होता. आता मास्तर एकटाच गंभीर झाला. आणि गंभीर झालेला मास्तर हातात रिकामा पाईप घेऊन हॉलमध्ये आला, तेव्हा मी ओळखलं की आता शाळा भरणार.

“हे बघा,” त्यानं पाईप आमच्यासमोर धरला. “पाणी नसलं की पाईप कसा असतो? चपटा. पाणी सोडलं की? गोल. घसा म्हणजे असाच मऊ पाईप. झोपेत सैल पडतो, चपटा होतो, मग हवा फडफडत जाते, तोच तो आवाज. आतून थोडा दाब दिला तर तो गोल राहील की नाही?”

“आणि दाब कुठून देणार?” शिडीवाल्यानं विचारलं. “पंप लावणार का?”

मास्तरनं कोपऱ्यातल्या कपाटाकडे बोट दाखवलं. त्यात आमचे सेट असतात. धुरात जाताना पाठीवर घ्यायची हवेची टाकी आणि तोंडावरचा मास्क, त्याला आम्ही सेट म्हणतो. त्या मास्कमध्ये हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवलेला असतो, म्हणजे फट राहिली तरी हवा बाहेर जाते, धूर आत येत नाही. घोरण्यावर हा उपाय फायर ब्रिगेडच्या माणसालाच सुचणार. दुसऱ्या कुणाच्या घरात असलं कपाट नसतं.

दुपारचं जेवण झालं. मामा खाटेवर आडवे झाले. टाकी शेजारी स्टुलावर ठेवली, मास्क मामांच्या तोंडावर घट्ट बसवला, मास्तरनं झडप उघडली. मामा काचेआडून आमच्याकडे बघत होते, आणि बघता बघता त्यांचे डोळे मिटले. आम्ही श्वास रोखून ऐकत होतो. शिट्टी नाही, कपाट नाही. नुसती हवा यायची आणि जायची. शिडीवाला खुशीत आंघोळीला गेला.

चूक एवढीच झाली की प्रत्येक सेटला एक भोंगा असतो. धुरात जोडीदार बेशुद्ध पडला तर तो सापडावा म्हणून ही सोय. सेट घातलेला माणूस अर्धा मिनिट हलला नाही की भोंगा किंचाळायला लागतो. तो चालू करायला एक किल्ली ओढायची असते, आणि आमचा हात सेटला लागला की किल्ली आपोआप ओढली जाते, इतकी ती अंगवळणी पडलेली. मास्तरनं ती ओढली होती. मामा अधूनमधून चुळबुळत होते तोवर ठीक, पण गाढ झोपलेला माणूस हलत नाही.

भोंगा वाजला. तो आवाज कानावर पडल्यावर आमच्या डोक्यात एकच गोष्ट शिरते, आपला माणूस पडलाय. पुढचं डोकं करत नाही, हातपाय करतात. मास्तरनं मामांना काखेत धरलं, मी पाय धरले, शिडीवाला अंगाला साबण लागलेला तसाच टॉवेल गुंडाळून पळत आला आणि त्यानं टाकी उचलली. जिना, गाड्यांची शेड, अंगण. नियमाप्रमाणे माणूस मोकळ्या हवेत आणून आडवा केला. मामांनी डोळे उघडले. वर आभाळ, आजूबाजूला आम्ही.

“कुठं आहे आग?” मास्कच्या आतून आवाज आला.

मॅडम चहाचा कप घेऊन तिथंच उभ्या होत्या. मास्तरनं भोंगा बंद केला. मग त्यांच्यापुढे त्यानं सगळं सांगितलं, पाईप, घसा, दाब, काहीही गाळलं नाही. मला वाटलं आता मामांची बदली महिनाअखेरपर्यंतही थांबत नाही. मॅडमनी ऐकून घेतलं, कप खाली ठेवला आणि विचारलं, “घोरत होते का?”

“नाही,” आम्ही तिघंही एकदम म्हणालो.

“मग परत झोपवा. किल्ली न ओढता. मी बसते.”

आणि त्या खरंच हॉलमध्ये खुर्ची टाकून बसल्या. मामा झोपले. टाकी संपत येईपर्यंत झोपले, आणि त्या सगळ्या वेळात हॉलमध्ये पंख्याशिवाय कशाचाही आवाज नव्हता. मी इतकी वर्षं त्या हॉलमध्ये झोपतोय, पण तिथला पंखा कुरकुरतो हे मला त्या दुपारी कळलं.

मामा उठून बसले. मास्क काढला, तोंडावर हात फिरवला, आणि बराच वेळ नुसते खिडकीतून बाहेर बघत राहिले. आम्ही घाबरलो.

“काय झालं मामा?” मास्तरनं विचारलं.

“डोकं हलकं झालंय,” मामा म्हणाले. मग आमच्याकडे वळून त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, “तुम्ही सगळे रोज असेच उठता?”

शिडीवाला हसणार होता, पण मॅडमचा चेहरा बघून थांबला. मॅडम म्हणाल्या, “मामा, हवा आगीसाठी आहे, झोपेसाठी नाही. उद्या ड्यूटी सुटली की आपल्या डॉक्टरांकडे जा. असं मशीन घरी वापरायला मिळतं, त्यांना विचारा. घोरणं थांबत असेल तर मला तुमची बदली करायचं कारण नाही.”

त्या संध्याकाळी मामांनी एकट्यानं सगळी गाडी धुतली. चाकांच्या आतून सुद्धा. शिट्टी मारत होते. इलाज सापडला होता, मामा गाडीवर राहणार होते, आणि सगळं श्रेय मास्तर घेत होता. मीही खूश होतो. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की डॉक्टर नुसतं औषध लिहीत नाहीत.

सकाळी मी जीप काढली. मामींना घरून घेतलं. मामी लहानशा चणीच्या, मांडीवर पिशवी घट्ट धरून बसलेल्या. मास्तरही आला, कारण पाईपाची गोष्ट डॉक्टरांना नीट सांगायला दुसरं कोण होतं? खात्याचा दवाखाना म्हणजे लांब व्हरांडा, लाकडी बाकं आणि आत छोटी खोली. खोलीत तीनच खुर्च्या, म्हणून मी दाराला टेकून उभा राहिलो.

डॉक्टर तरुण होते, पण घाईत नव्हते. मास्तरचं व्याख्यान त्यांनी पुरतं ऐकलं आणि म्हणाले, “अगदी बरोबर आहे. घसा मिटतो, श्वास थांबतो, मेंदू दचकून जागा करतो, पुन्हा तेच. रात्रभर. मामा, तुम्ही झोपता असं तुम्हाला वाटतं, पण खरं म्हणजे तुम्ही झोपतच नाही. यावर मशीनच लागतं. रात्रीची एक तपासणी करू, पण मशीन लगेच सुरू करायला हरकत नाही.”

मास्तरनं माझ्याकडे विजयी वीरासारखं पाहिलं.

“तुम्ही गाडीवर असता ना?” डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारलं. “मग मला एक विचारावंच लागतं. दिवसा, कामावर असताना, कधी डोळा लागलाय?”

“नाही,” मास्तर म्हणाला. “कधीच नाही.”

“मी त्यांना विचारतोय.”

“तुम्ही का विचारताय?” मामांनी विचारलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “सांगतो. नाही म्हणालात तर मी लिहीन की मशीन चालू करा आणि काम चालू ठेवा. हो म्हणालात तर मला तुम्हाला गाडीवरून उतरवावं लागेल. मशीन वापरायचं, पुन्हा पुन्हा तपासण्या, वर्ष-दीड वर्ष तरी जाईल. त्यानंतर या वयात खातं परत गाडीवर घेईल, असं मी खोटं सांगणार नाही.”

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. ज्या इलाजासाठी एवढी धडपड केली, तोच मामांना खाली ओढत होता. आणि एका शब्दात सुटका होती. तो शब्द मास्तरनं बोलून पण झाला होता. गोदामातली गोष्ट ठाऊक असलेली तिन्ही माणसं त्या खोलीत होती, आणि तिघांपैकी दोघं तोंड उघडणार नव्हते. मामा आपल्या तळहातांकडे बघत बसले.

डॉक्टरांनी त्यांना वेळ दिला असावा. ते मामींकडे वळले. “तुम्हाला फार त्रास होत असेल ना यांच्या आवाजाचा?”

“आवाजाचा नाही,” मामी म्हणाल्या. “आवाज चालू असतो तोवर मी निवांत पडलेली असते. आवाज थांबला की उठून बसते.”

“उठून बसता?”

“श्वास थांबतो ना यांचा. मग मी मनात आकडे म्हणते. फार झाले की कोपर मारते. मग एकदम सुटतो श्वास. मग मी पुन्हा पडते.”

“हे कधीपासून?”

मामींनी आठवून बघितलं. “धाकटी रांगत होती तेव्हापासून असेल. आता तिची पोरं शाळेत जातात.”

डॉक्टरांनी विचारलं, “आणि हे ड्यूटीवर असतात तेव्हा?”

“तेव्हा मी झोपते की छान,” मामी हसून म्हणाल्या. “तिथं इतकी माणसं असतात यांच्याजवळ. कुणीतरी बघत असेलच.”

मास्तरनं मान खाली घातली. मी दाराची कडी चाचपत राहिलो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही म्हण आम्ही दुसऱ्यांवर हसायला वापरतो. आम्ही त्या आवाजावर चेंडू, विटा, फुगे सगळं फेकून मारलं होतं. आणि आवाज थांबला की बरं झालं म्हणून कूस बदलून झोपलो होतो. मला तिथं उभं राहवेना, पण बाहेर जायची हिंमतही झाली नाही.

“मला कधी बोलली नाहीस,” मामा बायकोला म्हणाले.

“काय बोलायचं? रात्री तुम्ही झोपेत. सकाळी बोलले असते तर तेच डोक्यात घेऊन आगीत गेला असतात.”

मामांनी मान हलवली. मग खुर्चीत सरळ बसले, जसे मॅडमसमोर बसतात तसे.

“डॉक्टर, हो,” ते म्हणाले. “लागलाय डोळा. मागच्याच आठवड्यात, गोदामाच्या वर्दीला. नोझल हातात होतं.”

“मामा, तुमचा पाय घसरला होता,” मास्तर म्हणाला.

“नव्हता घसरला. तुला ठाऊक आहे. वर शिडीवर पोरगं होतं.” मग डॉक्टरांना म्हणाले, “त्याच्या आधीही एक-दोनदा झालंय. ते यालाही ठाऊक नाही. लिहा तुम्ही.”

डॉक्टरांनी लिहिलं. लिहून झाल्यावर म्हणाले की कागद बाहेरच्या खिडकीवर मिळेल, शिक्का बसायला थोडा वेळ लागतो, मशीनही तिथूनच घेऊन जा.

आम्ही व्हरांड्यात येऊन बाकावर बसलो. खिडकीपुढे बरीच माणसं होती. मास्तर बसायला तयार नव्हता, तो मामांच्या समोर उभा राहिला.

“काय गरज होती?” तो म्हणाला. “मी होतो ना मागे. यापुढेही असतो. मशीन लावल्यावर तुम्ही बरेच होणार होतात. एवढं एक नाही म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?”

“तू मागे होतास म्हणूनच,” मामा म्हणाले. “पुढचा जागा आहे असं समजून मागचा माणूस धुरात शिरतो. ही पण असंच समजून घरी झोपत होती, की तुम्ही बघताय.”

मास्तर बाकाच्या टोकाला जाऊन बसला. मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते लपवायची खटपट केली नाही. गाडीवरून उतरणं त्यांना किती लागलं हे मी सांगू शकणार नाही, पण आमच्यात ते कुणालाही लागलं असतं, आणि त्यांना सगळ्यांत जास्त.

मामी इतका वेळ काहीतरी विचार करत होत्या. त्या मास्तरकडे वाकल्या. “अरे, ते मशीन लावलं की श्वास थांबतच नाही?”

“नाही मामी.”

“आणि मधेच बंद पडलं तर?”

“तेच आवाज करून उठवतं. यांनाच उठवतं.”

“म्हणजे मी उठायला नको.”

“नको मामी. तुम्ही खुशाल झोपा.”

“बरं,” मामी म्हणाल्या.

त्यांनी पिशवी मांडीवर नीट ठेवली, तिचे बंद हाताला गुंडाळले आणि पाठ भिंतीला टेकली. व्हरांड्यात गडबड होती. कुणाचं मूल रडत होतं, औषधाची ढकलगाडी खडखडत जात होती, खिडकीतला माणूस मोठमोठ्यानं नावं पुकारत होता. थोड्या वेळानं मामींची मान कलली आणि मामांच्या खांद्यावर येऊन टेकली. भर सकाळी, चारचौघांत, तोंड थोडं उघडं, अशा त्या गाढ झोपल्या.

खिडकीतून मामांचं नाव पुकारलं गेलं. कुणी उठलं नाही म्हणून पुन्हा पुकारलं, हुद्द्यासकट. लोक वळून बघायला लागले. मामांनी खांदा जराही हलू दिला नाही. त्यांनी फक्त डोळ्यांनी मास्तरला खूण केली.

मास्तर उठला आणि कागद घ्यायला गेला.